सार्कोफायटॉन की लोबोफायटॉन?
दोन्ही मऊ प्रवाळांत पॉलिप (वसाहतीतले एकेक बारीक जीव) दोन तऱ्हांचे: आठ शुंडकांचे मोठे आणि त्यांच्या अधल्यामधल्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे बारीक. म्हणजे पॉलिप पाहून निकाल लागत नाही.

सार्कोफायटॉनला ठळक देठ, वर झालरीसारख्या दुमडलेल्या कडेची छत्री. लोबोफायटॉन बुटका, खडकाला बिलगलेला. माथ्यावर बोटांसारखे उंचवटे किंवा कंगोरे. कोवळ्या वसाहतीत मात्र फसगत ठरलेली, कंगोरे अजून उठलेलेच नसतात.

मग बुडाच्या आतला तांदळाएवढा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवा, तीन-चारदा पाण्याने धुवा (नाहीतर मिठाचे स्फटिकच दिसतील) आणि उरलेले चुनखडी कण सूक्ष्मदर्शकाखाली बघा. लोबोफायटॉनचे बहुधा पिंपासारखे, गाठींचे पट्टे ओळीत. सार्कोफायटॉनचे लांबट, गाठी विखुरलेल्या. माथ्याचा तुकडा निरुपयोगी: तिथे दोघांचेही कण गदेसारखे.