फू त्सोंगचे शोपँ मझुर्का, ऐकाच!

शोपँ (एकोणिसाव्या शतकातला पोलिश संगीतकार) म्हटलं की बहुतेक जण त्याच्या नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांत भावाच्या पियानो रचना लावतात, मझुर्का या नाचाच्या ठेक्यावरच्या रचनांच्या वाटेला फारसं कोणी जात नाही. जाणार असाल तर फू त्सोंगच्या रेकॉर्डिंगपासूनच सुरुवात करा. १९३४ मध्ये शांघायला जन्मलेला हा पियानिस्ट १९५५ मध्ये वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तिसरा आला (दुसरा कोण, तर पुढे जगभर गाजलेला पियानिस्ट अश्केनाझी!) आणि मझुर्काचं वेगळं बक्षीसही यालाच मिळालं. मझुर्का हा पोलंडच्या मातीतला नाच, आणि पोलंडमध्येच जाऊन एक चिनी मुलगा त्याचं बक्षीस घेतो म्हणजे बघा.

ठेका तीन मात्रांचा, पण जोर बऱ्याचदा पहिलीवर नसतो, दुसरी नाहीतर तिसरीवर येतो. बरेच जण तो जोर नुसता ठोकतात. हा ती मात्रा जराशी ताणतो, आपला जीव टांगणीला लागतो आणि मग अलगद सोडून देतो. ओपस १७ नंबर ४ (ओपस म्हणजे रचनांच्या संचाचा क्रमांक) ऐका, ए मायनरमधली. सुरुवातीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कुठल्या सुरावर उभे आहेत तेच कळत नाही आणि शेवटी तेच परत येऊन सगळं अधांतरी सोडून देतात, षड्जावर येणं नाहीच. तिथे त्याने घाई अजिबात केलेली नाही, मला तर दरवेळी काटा येतो.

त्याचे वडील फू लेई म्हणजे फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक चिनीत आणणारे मोठे अनुवादक. मुलगा पोलंडला शिकायला गेला तेव्हा त्यांनी त्याला लिहिलेली पत्रं १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि चीनमध्ये प्रचंड वाचली गेली. पण १९५८ मध्ये वडिलांवर 'उजवे', म्हणजे कम्युनिस्ट सत्तेचे विरोधक, असा शिक्का बसला, त्याच वर्षी मुलगा पोलंडहून लंडनला निघून गेला, आणि १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीतल्या छळाने आई-वडील दोघांनीही आत्महत्या केली. पुढे तो लंडनलाच राहिला, डिसेंबर २०२० मध्ये कोविडने गेला. (रविशंकरांबरोबर वाजवणारे व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन काही वर्षं त्याचे सासरे होते.)

हे वाचून लोक त्याच्या प्रत्येक सुरात दुःख शोधतात, ते मला पटत नाही. ओपस ३३ नंबर २ लावा, डी मेजर, किती मोकळेपणाने नाचतोय!

तक्रार एकच, मी ज्या ॲपवर ऐकते तिथे रेकॉर्डिंग कुठल्या सालचं, कुठे केलं, काहीच माहिती नाही. इतक्या मोठ्या कलाकाराच्या बाबतीत हे चालणार नाही, अर्धा स्टार त्याचा कापला. बाकी साडेचार. एका बैठकीत सगळ्या ऐकू नका, रोज दोन-तीन पुरे.