लाल रंगाची प्रेशर प्लेट

ठाणे-नवी मुंबईत रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाड्या वाढल्या, तसे त्यांच्या मागोमाग ‘स्टेज टू क्लच’, म्हणजे वाढलेली ताकद पेलणारा म्हणून सांगितला जाणारा क्लच, विकणारेही वाढलेत. त्यातल्या एकाने मला पाऊण लाखाला कसं गंडवलं ते लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही, कारण प्रकरण तक्रारीत आहे. शिवाय नाव दिलं तर लोक तेवढं एक दुकान टाळतील आणि हीच हातचलाखी करणाऱ्या शेजारच्याकडे निर्धास्त जातील.

गाडी स्कोडा लॉरा व्हीआरएस, १.८ टीएसआय पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीतून १६० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर. रिमॅपनंतर डायनोवर (इंजिनची ताकद मोजायच्या यंत्रावर) टॉर्क ३२०च्या आसपास आला आणि मूळ क्लचने हात टेकले. सकाळी रिकाम्या पाम बीचवर पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवरून पाय दाबला की काटा झपकन वर जायचा आणि स्पीड जिथल्या तिथे. वर जळक्या लायनिंगचा, म्हणजे क्लच प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा, वास. क्लच स्लिप मारतोय हे कळायला मेकॅनिकची गरज नव्हती.

दुकान घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला. काचेचं कपाट, त्यात टर्बो मांडलेले, भिंतीवर फ्लायव्हील (ज्यावर क्लच बसतो ती इंजिनची जड चाकं) टांगलेली. मालक गोडबोल्या. त्याचा पहिलाच प्रश्न, “दादा, गाडी किती घोड्यांची आहे?” मी आकडा सांगितला. “मग स्टेज टू टाका. तीनशे घोड्यांपर्यंत वळून बघायला नको.”

हा प्रश्न ऐकला की सावध व्हा. क्लचला घोडे कळत नाहीत, त्याला टॉर्क कळतो. ३२० न्यूटन मीटर टॉर्क दोन हजार आरपीएमला येत असेल, तर त्या क्षणी इंजिन जेमतेम नव्वद हॉर्सपॉवर देत असतं. पण क्लचवर भार मात्र पूर्ण ३२० चा. टर्बो गाड्यांचा क्लच म्हणूनच खालच्या आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये आधी घसरतो. क्लच किती टॉर्क पेलणार हे ठरतं प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) किती जोरात दाबते, लायनिंगची पकड कशी आहे, प्लेटचा व्यास किती आणि घासणारे पृष्ठभाग किती यांवर. आणि ‘स्टेज’ म्हणाल तर त्याला कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीची स्टेज टू दुसऱ्या कंपनीच्या स्टेज वनपेक्षा कच्ची असू शकते. विचारायचं एवढंच, की या पार्ट नंबरचा क्लच किती न्यूटन मीटरसाठी आहे. मी विचारलं होतं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं, ‘४०० एनएम, हेवी प्रेशर प्लेट, ऑरगॅनिक डिस्क, रोजच्या वापराला बेस्ट’. तो मेसेज जपून ठेवला, तोच आता उपयोगी पडतोय.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खाली उतरल्यावर फोन आला, “दादा, येऊन बघा, तुमचं फ्लायव्हील पण गेलंय.” गेलो. त्याने फ्लायव्हील हातात धरून डावी-उजवीकडे फिरवलं. पुढची तबकडी थोडी हलली. “हे बघा, सुटलंय. उद्या तुटलं तर बेलहाऊसिंग, म्हणजे क्लचवरचं कवच, फोडेल.” पोटात गोळाच आला.

आता ऐका. हे ड्युअल मास फ्लायव्हील असतं. दोन तबकड्या आणि मध्ये स्प्रिंगा, इंजिनचे हादरे गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून. हाताने फिरवल्यावर ते थोडं हललंच पाहिजे, ते बनवलंच तसं आहे. किती हललं तर चालेल आणि किती डुगडुगलं तर बाद, याचं माप फ्लायव्हील बनवणारी कंपनी पार्ट नंबरनुसार देते आणि ते गेज, म्हणजे मोजायचं उपकरण, लावून मोजायचं असतं. इथे ना गेज होतं ना माप, नुसता हात. नवं ड्युअल मास महाग म्हणून त्याने सिंगल मास सुचवलं. सिंगल मास वाईट असतं असं नाही. जास्त टॉर्कच्या गाड्यांत मुद्दाम टाकतात, न्यूट्रलला गिअरबॉक्सचा थोडा खडखडाट सहन करायचा एवढंच. पण माझं जुनं फ्लायव्हील परत मागितलं तर म्हणाला, “भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.” भंगारवाला एवढा तत्पर मी घोडबंदर रोडला दुसरा पाहिला नाही. चांगल्या अवस्थेतल्या जुन्या ड्युअल मासला बाजारात चांगला भाव येतो, हे नंतर कळलं.

गाडी मिळाली तेव्हा क्लचचं पेडल लोण्यासारखं हलकं. मालक खूश, “बघा, हेवी क्लच असून पाय दुखणार नाही. क्वालिटी!” खरी गोष्ट अशी, की प्रेशर प्लेटचा दाब वाढवला की पेडल साधारणपणे थोडं तरी जड होतंच. डिझाइन चांगलं असेल तर फरक कमी जाणवतो, पण पेडल आधीपेक्षा हलकं लागत असेल तर आत काय बसवलंय हे विचारायला हवं. हा माणूस खोट विकत होता आणि तीच गुण म्हणून सांगत होता. मानलं पाहिजे.

पहिल्या गिअरला गाडी उचलताना थरथर. फोन केला. “नवीन क्लच आहे, बसू द्या. आठशे किलोमीटर शहरात आरामात चालवा.” यातली मेख अशी, की हे खोटं नाही. नव्या क्लचचं लायनिंग बसायला तेवढं अंतर लागतं आणि तोवर जोर द्यायचा नसतो. पण त्या अंतरात गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पैसे पूर्ण चुकते होतात आणि पुढे ‘तुम्ही नीट बसू दिला नाही, जाळलात’ म्हणायला वाट मोकळी. माझ्या बाबतीत शब्दशः तेच झालं. आठशे किलोमीटर संपले, गायमुखच्या चढाला ट्रकमागे रांगत असताना परत तोच वास आला आणि दुकानदाराचं उत्तर तयार होतं, “दादा, तुमची चालवायची पद्धत.”

मग गाडी रबाळे एमआयडीसीत एका गिअरबॉक्सवाल्या काकांकडे नेली. त्यांनी गिअरबॉक्स उतरवायच्या आधीच सांगितलं, “मोबाईल काढ आणि बोल्टपासून शूटिंग कर.” बाहेर आली लालभडक प्रेशर प्लेट. काकांनी थिनरचं फडकं मारलं तसा लाल रंग उतरला आणि खाली छापलेला नंबर दिसला. दुसऱ्याच एका डिझेल गाडीची, कंपनीतून येते ती साधी प्लेट. मधल्या डायफ्रॅमच्या बोटांवर (प्लेटच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) चकचकीत गोल चरा. पेडल दाबलं की या बोटांना ढकलणारं रिलीज बेअरिंग बराच काळ घासल्याशिवाय तो पडत नाही. म्हणजे प्लेट साधी होती, वर वापरलेली होती. क्लच प्लेट तर जुनीच, नवं लायनिंग मारलेली. रिवेट वर आलेले, त्यांनी फ्लायव्हीलवर रिंगण कोरलेलं. हिशोबात लावलेलं नवं रिलीज बेअरिंग बदललेलंच नव्हतं. काका हसत म्हणाले, “रंगाचं काम मात्र सुबक आहे हो.”

बॉक्स मी पाहिला होता. एका नामांकित कंपनीचा, सीलबंद. पण तो काउंटरवर पाहिला होता. त्यातला माल गाडीत जाताना कोणी पाहिला? तेव्हा बॉक्स आपल्यासमोर फोडायला लावा, प्रेशर प्लेटवरचा नंबर आणि डायफ्रॅमची बोटं जवळून टिपा, आणि गिअरबॉक्स वर चढेपर्यंत तिथून हलू नका. चहा प्यायला जा म्हणाले तरी. जुने पार्ट डिकीत टाकून घरी आणा, भंगारात घालायचे तर तुम्ही घाला.

दुकानात जाऊन फोटो दाखवले तेव्हा त्याने आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाला, “रिमॅप केलेली गाडी आहे, तक्रार कुठे करणार? उलट तुम्हीच अडकाल.” यांचा सगळा धंदा या भीतीवर चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि विम्याचाही प्रश्न येतो, हे खरं. ते माझं मी निस्तरेन. पण वापरलेला माल रंगवून नवा म्हणून विकायचा परवाना त्याने कुणाला मिळत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, तक्रार नोंदवली. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे. जीएसटीचं बिल त्याने टाळलं होतं, पण यूपीआयची नोंद, तो ‘४०० एनएम’वाला मेसेज आणि काकांकडचं शूटिंग हातात आहे.

तक्रारीनंतर आठवडाभरात त्याचाच फोन. आवाज परत लोण्यासारखा. “दादा, तुमचं फ्लायव्हील सापडलं, भंगारवाल्याकडून सोडवून आणलंय. घेऊन जा आणि विषय संपवा.” काकांना सोबत घेऊन गेलो. फ्लायव्हील ड्युअल मासच होतं, धुऊनपुसून ठेवलेलं. नंबर पाहिला तर डिझेल लॉराचा. ते तिथेच काउंटरवर ठेवलं, फोटो काढला आणि तक्रारीला जोडला.