ट्रॉमा काउन्सेलिंगचं निवासी ट्रेनिंग: फी कुठे वसूल झाली आन कुठे नाही

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथले दोन-तीन लोक खरंच चांगले आहेत आन बाकीच्यांशी मला भांडण मांडायचं नाही. नागपूरच्या बाहेर वर्धा रोडला, सोमवार ते शनिवार, राहणं-जेवण धरून साडेआठ हजार. अर्धे मी काम करते त्या संस्थेनं दिले, अर्धे माझ्या खिशातून. मी घाटंजी-पांढरकवडा भागात काम करते, शेतकरी आत्महत्या झालेली घरं, वाघानं माणूस नेलेली घरं, मार खाऊन माहेरी परत आलेल्या पोरी, जे समोर येईल ते. तर त्या नजरेनं लिहून राहिली, पुण्या-मुंबईत क्लिनिक टाकून बसलेल्याला हे ट्रेनिंग वेगळं वाटू शकते.

पहिले चांगलं सांगते. रोल-प्ले. सकाळचे दीड-दीड तास रोल-प्ले होते आन फक्त त्याच्यासाठी मी साडेआठ हजार पुन्हा देईन. एक सीनियर ट्रेनर मॅडम होत्या, 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिकडे गावागावात काम केलेल्या, आवाज एकदम हळू आन नजर एकदम कडक. गोंदियाकडच्या एका ताईनं अशा बाईचा रोल घेतला, जिच्या नवऱ्यानं आठ दिवसांपूर्वी फवारणीचं औषध घेतलं, आन वणीकडचा एक दादा काउन्सेलर झाला. दादानं सुरू केलं, नेमकं किती वाजता घेतलं, तुम्ही तेव्हा कुठे होत्या, आधी काही बोलले होते का. मॅडमनं हात वर केला. म्हणे, पोलिसांनी विचारून झालं, तलाठ्यानं विचारून झालं, पेपरवाल्यानं विचारून झालं, हा तुमचा चौथा पंचनामा. सगळा हॉल चुप. मग तोच सीन परत, या खेपेस दादानं विचारलं, ताई आज जेवल्या का? रात्री सोबत कोण झोपते? लहान्याची शाळा सुरू आहे का? गोंदियाची ताई तिथेच रडाले लागली, ॲक्टिंग होती की काय होतं कोण जाणे.

हेच सगळं डब्ल्यूएचओच्या 2011 च्या सायकॉलॉजिकल फर्स्ट एडच्या गाइडमध्ये आहे, पहा, ऐका, जोडून द्या. ते फुकट डाउनलोड होते. वाचून समजते पण, जिभेवर यायला दुसऱ्यानं थांबवावं लागते, त्याचे पैसे आहेत. मॅडमनं अजून एक गोष्ट पक्की डोक्यात बसवली. घटना झाल्या झाल्या माणसाला एका बैठकीत सगळं बोलायला लावून मोकळं करायचं, याला आधी डीब्रीफिंग म्हणत आन खूप ठिकाणी करत होते, पण त्याच्यानं पुढचा पीटीएसडी (आघातानंतर रेंगाळणारा मानसिक आजार) थांबत नाही आन काही जणांना उलट त्रास वाढतो, म्हणून आता ते करा म्हणून सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे तर हे काम काउन्सेलरच्या आधीच चॅनेलवाले उरकून घेतात, वाघाची घटना झाली की बायकोला अंगणात बसवतात आन माइक धरतात. 2018 मध्ये त्या अवनी वाघिणीच्या टायमाला राळेगाव-पांढरकवडा साइडला हेच पाहिलं आम्ही.

आन पहिल्या महिन्यात झोप न लागणं, दचकणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं, हे बहुतेकांना होते आन बऱ्याच जणांचं आपोआप कमी होते, पीटीएसडी हे नाव लावायला महिन्याच्या वर त्रास असावा लागतो. हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आमच्याकडे आठव्या दिवशीच 'हिले डॉक्टरकडे न्या, डोक्यावर परिणाम झाला' सुरू होते. पण याला जोडूनच मॅडम जे बोलल्या ते जास्त कामाचं. म्हणे, तुमच्याकडे तेरवीपर्यंत घर भरलेलं असते, चुलीवरून पातेलं उतरत नाही, मग चौदाव्या दिवशी तिथे कोण असते? कोणीच नसते, पाहुणे गेले, सावकार आला. तर तुमची खरी पहिली भेट तेरवीनंतर. मी हे वहीत डबल लाइन मारून लिहिलं आन आता भेटी तशाच लावते.

आता जिथे फी वाया गेली ते.

केस स्टडी. सगळ्या शहरातल्या. बॉम्बस्फोटातून वाचलेला ऑफिसवाला, लिफ्टमध्ये अडकलेली मुलगी, मोठा रोड ॲक्सिडेंट. वाईट नाहीत, पण विदर्भात ट्रेनिंग घेऊन राहिले तर 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर लोक गेले, शेकडो भरती झाले, ती एक केस घ्यायला काय हरकत होती बाप्पा? ट्रिगरचं, म्हणजे जुना आघात पुन्हा अंगावर आणणाऱ्या गोष्टींचं सेशन होतं, फटाक्याचा आवाज, हॉस्पिटलचा वास असं सांगत होते. माझ्याकडे एक बाई आहे जिला ऑगस्ट-सप्टेंबर आला की त्रास होते, कारण आजूबाजूच्या प्रत्येक वावरात फवारणी सुरू असते आन तो वास घरात येते. ती म्हणते, 'वास आला की माहे हातपाय गार पडते बाई, अन् तोच वास माह्या भाकरीचा हाय.' तिला ट्रिगरपासून दूर राहा सांगून चालत नाही, तिलाच रोजीनं त्या कपाशीत जायचं आहे. मी हे सेशनमध्ये विचारलं. उत्तर आलं, 'ग्रॅज्युअली एक्सपोजर वाढवा,' म्हणजे हळूहळू त्या वासाची सवय करा. थँक्यू.

दुसरं, पात्र-अपात्र. आत्महत्येच्या घरी सगळ्यात पहिला प्रश्न हाच असते, आमच्या माणसाचं पात्र होईन का अपात्र. सरकारी मदत एक लाखाची, त्यातले 30,000 हातात आन 70,000 खात्यात ठेवीचे, आन जिल्ह्याची कमिटी कर्ज कोणाचं, सातबारा कोणाच्या नावावर हे पाहून ठरवते. ट्रेनरचं म्हणणं, हा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इश्यू आहे, तुमचा रोल इमोशनल सपोर्ट. अहो सर, अपात्र आलं म्हणजे सरकारी कागदावर तो कर्जापायी मेलाच नाही, मग गाव म्हणते दारू प्यायचा, बायकोशी भांडला असेल, आन सासू म्हणते हिच्यामुळेच गेला. पैसा गेला ते गेलं, पण बाई आरोपी होऊन जाते. याच्यापेक्षा मोठा इमोशनल इश्यू कोणता? यावर निदान एक तास पाहिजेच होता.

तिसरं, ती बंद खोली. प्रत्येक स्लाइडवर 'शांत, सुरक्षित, खासगी जागा' आन सोफ्याचा फोटो. आमची जागा म्हणजे ओसरी, एका बाजूला सासू तूर निवडून राहिली, दुसऱ्या बाजूला जाऊ कान देऊन, आन शेजारीण मुद्दाम साखर मागायला येते. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर गेलं तर पूर्ण पोडच गोळा होते, आन मनातलं जे आहे ते कोलामीत आहे, मराठीत ती बाई फक्त 'बरं हाय' म्हणते. दुभाषा लागला तर कोणाला घ्यायचं, नातेवाईक चालते का, यावर सहा दिवसांत एक शब्द नाही. याचं उत्तर ट्रेनिंगमध्ये नाही भेटलं, जेवणाच्या लाइनमध्ये भेटलं. मारेगावकडच्या एका आशाताईनं सांगितलं, मी घरात बोलतच नाही, तिला म्हणते चाल माह्यासंग सरपणाले, नाहीतर बीपी तपासायला उपकेंद्रावर चाल, आन रस्त्यानं बोलते, सोबत चालताना तोंडाकडे पाहावं लागत नाही तर बाई लवकर बोलते. या ताईला मंचावर का नाही बोलावलं?

कायद्याचं सेशन घ्यायला बाहेरून एक साहेब आले होते, त्यांच्या स्लाइडवर अजून जुन्या आयपीसीचं 309 कलम, म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा. आता लक्षात ठेवा, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणात होता असंच धरायचं, आन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली त्यात 309 सारखं कलमच नाही. पण 226 आहे, म्हणजे सरकारी नोकराला त्याचं काम करायला भाग पाडायला किंवा अडवायला आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवा. तहसीलसमोर फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन बसणारे लोक आमच्याकडे दरवर्षी असतात, त्यांच्या घरच्यांशी बोलताना हे माहीत पाहिजे. साहेबांना विचारलं तर म्हणे नंतर बोलू. पोक्सोचं मात्र नीट सांगितलं, लेकरावर अत्याचाराची गोष्ट कळली तर कळवणं बंधनकारक आहे, 'कोणालेच सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नका. हे बऱ्याच नवीन पोरींना माहीत नव्हतं.

औषधाच्या डब्याबद्दल, म्हणजे धोका वाटते त्या घरातलं कीटकनाशक कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायचं, यावर पाच मिनिटं. पाच! आन ईएमडीआरवर (थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे डोळे फिरवत आघात आठवायची थेरपी) पूर्ण दुपार, व्हिडिओ दाखवून. ते एका पूर्ण प्रशिक्षित थेरपिस्टनं करायचं काम आहे, वर्षानुवर्षं शिकून. ते आम्हाला दाखवून काय उपयोग? नुसता उपयोग नाही तर धोका आहे, बॅचमधला एक जण शेवटच्या दिवशीच म्हणत होता गावात जाऊन ट्राय करतो, बोटं तर हलवायची आहे. वर सर्टिफिकेटवर 'सर्टिफाइड ट्रॉमा काउन्सेलर' छापलं. सहा दिवसांत! ते मी फ्रेम नाही केलं.

काउन्सेलरनं स्वतःची काळजी घ्या या सेशनमध्ये गरम पाण्यानं आंघोळ आन आवडतं संगीत. संध्याकाळची शेवटची एसटी चुकलेल्या बाईला विचारा संगीताचं. पुढे जाऊ.

सगळ्यात मोठी तक्रार सुपरव्हिजनची, म्हणजे आपल्या केसवर अनुभवी माणसानं मार्गदर्शन करायचं त्याची. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं, ट्रेनिंगनंतर सहा महिने सुपरव्हिजन. प्रत्यक्षात एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर सकाळी फुलं आन सुविचार, आन मी एका मुलीची अडचण नाव-गाव न लिहिता टाकली तर वरून तीन जणांचे जोडलेले हात आले. ट्रेनर मॅडम त्या ग्रुपमध्ये नव्हत्याच. याच्यापेक्षा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन लावला तर मराठीत बोलणारं माणूस भेटते, चोवीस तास, फुकट, मी स्वतः अडल्यावर लावते आन बायांनाही कार्डावर लिहून देते.

आन एक राहिलंच. शनिवारी दुपारी, अर्धे लोक बॅगा भरून राहिले तेव्हा, अमरावती जिल्ह्यातल्या विश्राम या मानसिक आरोग्याच्या प्रकल्पाचं सांगितलं. 30 गावं, गावातलेच कार्यकर्ते, आन डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, 2017 मध्ये लॅन्सेट सायकियाट्रीत छापून आलं. आपल्या वऱ्हाडातलं, आपल्यासारख्याच लोकांनी केलेलं काम, ते सोमवारी सकाळी पहिलं पाहिजे होतं. सोमवारी सकाळी दीपप्रज्वलन होतं आन चार भाषणं.

जेवण चांगलं, आलू-वांग्याची भाजी झणझणीत, नाश्त्याला तर्री-पोहे. खोलीत तिघी-तिघी, पंखा आवाज करते, बाथरूम स्वच्छ.

मग जायचं का? गावपातळीवर नवीन असाल आन फी दुसरं कोणी भरत असेल तर जा, रोल-प्लेमध्ये लाजू नका, समोर जाऊन बसा. स्वतःचे पैसे असतील तर आधी फोन करून दोन गोष्टी विचारा, त्या किल्लारीवाल्या मॅडम या बॅचला आहेत का, आन सुपरव्हिजन म्हणजे महिन्यातून कोण, किती वेळ, फोनवर की समोर. गोलगोल बोलले तर नका भरू. पाचपैकी तीन स्टार, त्यातले अडीच मॅडमचे.

बॅचच्या तारखेचं पण पहा. आमची पोळ्याच्या आठवड्यात होती आन पुढची दिवाळीनंतर टाकली आहे, म्हणजे ऐन कापूस वेचणीत, आमच्याकडची एकही आशाताई येणार नाही. मार्चमध्ये ठेवा म्हणून मी मेल केला आहे, उत्तर आलं नाही अजून.