खरखर राहू द्या: बिग बँडचा ट्रम्पेट, रीमास्टर केलेला

गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे संध्याकाळी जे वाजतंय ते बहुतेक १९३८ ते १९५६ या काळातलं आहे. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, हॅरी जेम्स. अमेरिकन बिग बँड, म्हणजे जाझचे मोठे वाद्यवृंद, आणि त्यातही कान लागलेला असतो तो ट्रम्पेटवाल्यांकडे. काही सीडी विकत घेतल्या, बाकीचं स्ट्रीमिंगवर. साधनं बेताचीच: एक जुना अँप्लिफायर, शेल्फवर मावणारे दोन स्पीकर आणि रात्रीसाठी वायरचा हेडफोन. इतक्या महिन्यांनंतर एक मत पक्कं झालंय. जुनी मुद्रणं नव्याने साफसूफ करून (म्हणजे रीमास्टर करून) काढतात, त्यांत खरखर ऐकू येणारी आवृत्ती बहुतेक वेळा चांगली निघते, आणि जी फार 'स्वच्छ' वाटते तिच्यापासून जरा जपून राहावं.

बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकत मोठा झालेल्या माणसाला ७८ आरपीएमची खरखर नवी नाही. पहिल्या मिनिटात कान ती बाजूला सारतो आणि गाण्याला लागतो. सॉफ्टवेअरला मात्र हे नीटसं जमत नाही. ट्रम्पेटची सगळी चमक वरच्या उपस्वरांत असते आणि तबकडीची खरखरही नेमकी त्याच पट्ट्यात. जिभेचा तो पहिला फटका, म्यूट, म्हणजे ट्रम्पेटच्या तोंडाला लावायचं झाकण, लावल्यावर येणारी झणझण, हे आवाज मुळात खरखरीच्याच जातीचे. पुसायला बसलं की आधी तेच जातात. उरतो तो गोल, गुळगुळीत, कुणीही वाजवला असता असा स्वर.

पारखायचं असेल तर 'कॉन्सर्टो फॉर कूटी' लावा. एलिंग्टनच्या बँडने १५ मार्च १९४० रोजी शिकागोत मुद्रित केलेली ही सव्वातीन मिनिटांची रचना कूटी विल्यम्ससाठीच बेतलेली आहे. सुरुवातीला तो प्लंजर लावून वाजवतो. प्लंजर म्हणजे संडास तुंबल्यावर वापरतात तोच रबरी वाडगा, दांडा काढलेला. तो डाव्या हाताने ट्रम्पेटच्या तोंडावर उघडझाप करत राहायचा आणि घशातून गुरगुरायचं. मध्ये म्यूट बाजूला होतो, स्वर एकदम मोकळा, रुंद होतो आणि शेवटी पुन्हा झाकला जातो. या तीन रंगांतला फरक हाच या रचनेचा जीव आहे. एका स्वस्त संकलनात मी ही ऐकली तेव्हा कूटी रजईतून गुरगुरत होता. २००३ साली आलेल्या 'नेव्हर नो लॅमेंट' या तीन सीडींच्या संचात तळाशी खरखर आहे, पण रबर पितळेला लागल्याचा भास व्हावा इतका तो जवळ येतो. मागे जिमी ब्लँटनचा बास आहे हेही मला त्या संचात पहिल्यांदा नीट कळलं.

मूळ कुठून घेतलं यावरही बरंच काही ठरतं. कंपनीच्या जुन्या धातूच्या साच्यांवरून घेतलं तर ठीक, वाजवून झिजलेल्या लाखेच्या तबकडीवरून घेतलं तर वेगळं, आणि पन्नासच्या दशकात टेपवर उतरवलेल्या नकलेवरून घेतलं तर आणखी एक पायरी खाली. वेष्टणावर हे लिहिलेलं असेल तर ती सीडी मी आधी उचलतो.

गुडमनच्या कार्नेगी हॉलच्या मैफलीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. १६ जानेवारी १९३८, न्यूयॉर्क. वर टांगलेल्या मायक्रोफोनचा आवाज तारेवरून बाहेर पाठवून तबकड्यांवर कोरला गेला. त्या तबकड्या वर्षानुवर्षं पडून राहिल्या आणि मैफल एलपीवर आली ती थेट १९५० मध्ये. १९९९ साली जाझचे अभ्यासक फिल शाप यांनी मूळ तबकड्यांकडे जाऊन नवी आवृत्ती केली आणि खरखर जवळपास जशीच्या तशी ठेवली. यावर लोक चिडले होते. पहिल्या दिवशी मलाही कढईत काही तळतंय की काय असं वाटलं. आता मला तीच लागते. हॅरी जेम्स, झिगी एलमन आणि ख्रिस ग्रिफिन हे तिघे एकत्र उठतात तेव्हा सभागृहाची खोली कळते, श्रोत्यांमधली ओरड कुठून आली तेही कळतं. 'सिंग, सिंग, सिंग' बारा मिनिटांवर चालतं, त्यात जीन क्रुपाच्या ड्रमवर जेम्सचा ट्रम्पेट चढतो. हे हेडफोनवर ऐकू नये. मोनो आवाज डोक्याच्या मधोमध अडकतो आणि अर्ध्या तासात कान दुखायला लागतात. खोलीत, स्पीकरवर, जरा लांब बसून ऐकावं. याच मैफलीत पाहुणा म्हणून आलेला कूटीही 'ब्लू रेव्हरी'त आहे, ते चुकवू नका.

(हे संगीत आपल्याला तितकंसं परकं का वाटत नाही, याला कारण आहे. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जाझ वादक वाजवत होते, आणि गोव्याच्या वादकांनी हे सगळं आत्मसात केलं. हळदोण्याचा चिक चॉकलेट हा त्यांतला बिनीचा ट्रम्पेटवाला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, तो पडद्यावर बँडसकट दिसतो.)

एलिंग्टनच्या न्यूपोर्टच्या कार्यक्रमाची गोष्ट उलटी आहे. ७ जुलै १९५६ चा तो कार्यक्रम त्याच वर्षी एलपीवर आला, पण त्यातला बराचसा भाग नंतर स्टुडिओत वाजवून त्यावर टाळ्या चिकटवलेल्या होत्या. पॉल गॉन्साल्व्हिसचे गाजलेले सत्तावीस आवर्तनांचे सॅक्सोफोनवादन तर चुकीच्या मायक्रोफोनसमोर, म्हणजे व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनसमोर झालं होतं. पुढे त्या रेडिओची टेप सापडली आणि १९९९ च्या आवृत्तीत दोन मोनो मुद्रणं जुळवून स्टिरिओ उभा केला गेला. तोही शाप यांचाच उद्योग. मधूनमधून चित्र किंचित हलतं, पण गॉन्साल्व्हिसच्या त्या रचनेच्या शेवटी ट्रम्पेटवाला कॅट अँडरसन जी टीप लावतो ती अखेर खऱ्या गर्दीच्या डोक्यावरून जाताना ऐकू येते. मी एवढ्यासाठी ही सीडी पुन्हा घेतली असती.

स्ट्रीमिंगबद्दल तक्रार आहे. युरोपात १९६३ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरचे हक्क संपलेले आहेत, त्यामुळे एकच गाणं डझनभर नावांनी, डझनभर मुखपृष्ठांखाली येतं. 'डिजिटली रीमास्टर्ड' हे शब्द सगळ्यांवर असतात आणि त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच की आवाज मोठा केलाय. १९४० च्या गाण्यावर 'स्टिरिओ' दिसलं तर पुढे जावं. रीमास्टर करणाऱ्याचं नाव आणि साल सापडत नसेल, तर मी सुरुवातीची वीस सेकंद ऐकतो. गाण्याआधी पूर्ण शांतता असेल आणि स्वराबरोबरच खरखर उगवत-मावळत असेल, तर तिथे पुसापुशी जास्त झाली आहे.

हॅरी जेम्सचं शेवटचं पर्व हा सगळ्यात अनपेक्षित भाग निघाला. १९७६ मध्ये शेफील्ड लॅब या कंपनीने त्याचा बँड थेट तबकडीवर मुद्रित केला: मध्ये टेप नाही, काटछाट नाही, एलपीची अख्खी बाजू एका दमात वाजवायची. पितळेचा इतका खरा आवाज माझ्या स्पीकरांतून दुसऱ्या कशानेच काढला नाही. साठीला आलेला जेम्स अचूक आहे, भरदार आहे. पण एकवीस वर्षांच्या पोराने कार्नेगीत जो उर्मटपणा केला होता तो इथे नाही, आणि मी दर वेळी शेफील्ड संपवून पुन्हा त्या खरखरीकडेच जातो.