के-२३, के-१२ की के-९९? अमेरिकेत संशोधनाकडे वळणाऱ्या डॉक्टरांसाठी

फेलोशिप संपत आलीय, जीव अर्धा पेशंटमध्ये आणि अर्धा डेटामध्ये अडकलाय, आता कुठल्या ‘के’ अवॉर्डसाठी (संशोधक म्हणून घडण्यासाठी मिळणाऱ्या अनुदानासाठी) अर्ज करू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: ग्रीन कार्ड आलंय का? प्रश्न खडूस वाटतो, पण अर्धी निवड तिथेच उरकते. एनआयएचचे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थांचे, के-२३ आणि के-०८, तसंच विद्यापीठामार्फत मिळणारा के-१२, हे तिन्ही अमेरिकी नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहेत. के-९९/आर-०० ला ही अट नाही. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवा. ही अट अर्जाच्या दिवशी पूर्ण असावी लागत नाही, अवॉर्ड सुरू होताना असावी लागते. ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यात असेल तर अर्ज भरायला हरकत नाही.

ही अडचण नसलेल्यांसाठी पहिली तुलना के-२३ आणि के-०८ यांची. दोन्ही ३ ते ५ वर्षांचे, दोन्हीत मेंटॉर लागतो, पैसाही साधारण सारखाच. फरक कामाच्या स्वरूपात आहे. संशोधनासाठी तुम्ही स्वतः पेशंटसमोर बसणार असाल, म्हणजे त्यांची संमती घेणं, तपासणं, फॉलोअप करणं हे तुमच्या हातून होणार असेल, तर के-२३. प्रयोगशाळेत उंदीर आणि पेशी हाताळणार असाल तर के-०८. मधली गंमत अशी की मोठ्या डेटाबेसवर चालणारं आउटकम्स रिसर्च (उपचारांचे परिणाम तपासणारं संशोधन) एनआयएचमधल्या काही संस्था के-०८ मध्ये धरतात, काही के-२३ मध्ये. इथे स्वतः अंदाज बांधत बसू नका. संबंधित संस्थेच्या प्रोग्राम ऑफिसरला एका पानाचा गोषवारा पाठवून विचारा. ते उत्तर देतात, त्यांचं कामच ते.

खरी घालमेल होते ती के-१२ आणि के-२३ यांच्यात. के-१२ ची निवड तुमच्याच विद्यापीठात होते. त्यातला एक मोठा भाग एनआयएचच्या सीटीएसए (क्लिनिकल अँड ट्रान्सलेशनल सायन्स अवॉर्ड) कार्यक्रमातून येतो. हा कार्यक्रम २००६ साली सुरू झाला, आता तो एनआयएचमधलं एनसीएटीएस हे केंद्र चालवतं आणि देशभरात त्याची ६० हून अधिक केंद्रं आहेत. आधी याच अवॉर्डला केएल-२ म्हणत, जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. स्पर्धा घरच्याच लोकांशी, अर्ज त्यामानाने लहान, आणि सोबत शिकणाऱ्यांचा एक गट मिळतो. दर आठवड्या-पंधरवड्याला एकमेकांच्या स्पेसिफिक एम्सची (अर्जातल्या नेमक्या उद्दिष्टांची) चिरफाड करणारी माणसं एकट्या के-२३ वाल्याच्या वाट्याला आपसूक येत नाहीत. ज्याच्याकडे पेपर कमी आहेत, संख्याशास्त्राचा पाया कच्चा आहे, त्याने माझ्या मते आधी के-१२ बघावा.

पण के-१२ फुकट पडत नाही. के-१२ आणि के-२३ किंवा के-०८ मिळून मेंटॉरच्या छत्राखाली एकूण ६ वर्षंच मिळतात. म्हणजे के-१२ वर ३ वर्षं घालवली तर पुढचा के-२३ ५ वर्षांचा मिळणार नाही, ३ चाच मिळेल. शिवाय के-२३ तुमच्या नावावर असतो. नोकरी बदलली तर एनआयएचच्या परवानगीने तो सोबत नेता येतो. के-१२ विद्यापीठाचा, तो तिथेच राहतो. ज्याचा पायलट डेटा तयार आहे आणि मेंटॉरकडे स्वतःचं आर-०१ (एनआयएचचं मोठं स्वतंत्र संशोधन अनुदान) चालू आहे, त्याने के-१२ च्या वाटेला न जाता थेट के-२३ ला भिडावं.

आता पैशांबद्दल, कारण घरी तोच प्रश्न विचारला जातो. के-२३ मधून पगारापोटी मिळणारी रक्कम एनआयएचच्या संस्थेगणिक बदलते, बऱ्याच ठिकाणी ती वर्षाला १ लाख डॉलरच्या आसपास अडते. बदल्यात तुमचा किमान ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यावा लागतो (शल्यचिकित्सकांना काही संस्था ५० टक्क्यांवर सूट देतात). कार्डिऑलॉजिस्टच्या पगाराचा तीन चतुर्थांश यापेक्षा बराच वर जातो. मधली तूट विभागाने सोसायची असते. म्हणून माझ्या हिशेबी अवॉर्डच्या आकड्यापेक्षा चेअरचं, म्हणजे विभागप्रमुखाचं, पत्र महत्त्वाचं. त्या पत्रात तीन गोष्टी शब्दशः हव्यात: ७५ टक्के वेळ मोकळा ठेवू, वरचा पगार आम्ही देऊ, आणि तुमची नेमणूक हा अवॉर्ड मिळण्यावर अवलंबून नाही. तिसरं वाक्य नसेल तर समीक्षक लगेच बोट ठेवतात. आणि ‘आम्ही पूर्ण पाठिंबा देऊ’ असलं गुळमुळीत पत्र देणारा चेअर पुढे ओपीडीची माणसं कमी पडली की पहिल्यांदा तुमचाच मंगळवार उचलतो. आठवड्यातले किती हाफ-डे क्लिनिक, वॉर्डचे किती आठवडे, हे नेमणुकीच्या पत्रात आकड्यांत लिहून घ्या.

के-९९/आर-०० व्हिसावाल्यांना खुला आहे म्हणून सगळे तिकडे धावतात, पण डॉक्टरांसाठी त्यात एक पाचर आहे. आधी २ वर्षांपर्यंत मेंटॉरसोबत आणि मग स्वतंत्र नोकरी लागल्यावर ३ वर्षांपर्यंत आर-००, त्यात सगळं धरून वर्षाला २ लाख ४९ हजार डॉलरपर्यंत, असा त्याचा साचा आहे. मात्र स्वतंत्र फॅकल्टी पद आधीच घेतलेलं असेल तर अर्जच करता येत नाही. फेलोशिप संपल्यासंपल्या असिस्टंट प्रोफेसर होणारे डॉक्टर नेमके इथे बाद होतात. तेव्हा ऑफर लेटरवर सही करण्याआधी पदाचं नाव आणि दर्जा तपासा. ‘इन्स्ट्रक्टर’ हे पद कधी पात्र ठरतं, कधी नाही.

जे-१ व्हिसावर असाल आणि कॉनरॅड-३० या राज्यांमार्फत चालणाऱ्या योजनेतून वेव्हर (प्रशिक्षणानंतर २ वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट) घ्यायचा बेत असेल, तर ती ३ वर्षं आठवड्याला ४० तासांच्या कामाशी बांधलेली असतात. त्यावर ७५ टक्के संशोधन बसत नाही. काही राज्यं आपल्या जागांपैकी थोड्या अकॅडमिक सेंटरना देतात, पण तिथेही काम मुख्यतः पेशंट बघण्याचंच असतं. या काळात पदरात पाडून घेण्याजोगं काही मिळतं ते व्हिसाची आडकाठी नसलेल्या जागी. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा करिअर डेव्हलपमेंट अवॉर्ड ३ वर्षांचा, एकूण २ लाख ३१ हजार डॉलरचा आहे आणि त्यात अनेक व्हिसांवरचे लोक अर्ज करू शकतात. विषय हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी जोडता आला पाहिजे, एवढंच. एनआयएचच्या आर-२१ (छोटं, सुरुवातीच्या टप्प्यातल्या कल्पनांसाठीचं अनुदान) आणि आर-०१ साठीही नागरिकत्वाची अट नसते, पण मेंटॉरशिवाय पहिल्याच उडीत आर-०१ मिळवणारे क्वचितच.

सीटीएसए केंद्राचा एक फायदा अवॉर्ड न मिळताही घेता येतो आणि बहुतेक जण तो घेत नाहीत. संख्याशास्त्रज्ञाशी सुरुवातीचा सल्ला, आयआरबीच्या (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीच्या) अर्जाला मदत, वर्षभराचं छोटं पायलट अनुदान, हे तिथे मिळतं. डेटा एक्सेलमध्ये ठेवत असाल तर आजच रेडकॅपवर हलवा. व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर तुमच्या संस्थेत बहुधा असतंच. के-२३ च्या समीक्षकाला पायलट डेटा दाखवायचा तर तो असा नीट ठेवलेला असला की बोलायला जागा राहत नाही.

एनआयएचची कर्जफेडीची योजना, म्हणजे एलआरपी, यांपैकी कशाचीच जागा घेत नाही. ती के-२३ सोबतही घेता येते, वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत शैक्षणिक कर्ज फेडते आणि आठवड्याला किमान २० तास संशोधन मागते. अमेरिकेत शिकून डोक्यावर कर्ज असलेल्यांनी ती सोडू नये. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डची अट मात्र इथेही आहेच.

वेळापत्रक बघाल तर नव्या के अर्जांच्या नेहमीच्या तारखा १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबर. उमेदवाराची माहिती आणि संशोधन आराखडा मिळून १२ पानं, शिवाय ३ ते ५ शिफारसपत्रं. चेअरचं पत्र पहिल्या मसुद्यात तुम्हालाच लिहून द्यावं लागेल, तेव्हा ती तीन वाक्यं तुम्हीच घाला.