छपराखाली पक्षी आला कुठून?

बार्सिलोनाला निघालेल्यांना सगळे एकच सांगतात: ला रांब्ला या गजबजलेल्या रस्त्यावर पाकीट सांभाळा, मेट्रोत सांभाळा. आम्ही सांभाळलं. चार दिवस बॅग पोटाशी धरून हिंडलो, केसालाही धक्का नाही. पाचव्या दिवशी सांट्स स्टेशनबाहेर फसलो, तेही चोराला तीनदा 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणून.

माद्रिदची आवे, म्हणजे तिथली अतिवेगवान रेल्वे, पकडायची होती. या गाडीला सामान स्कॅनरमधून जातं म्हणून तासभर आधीच पोचलो. दाराबाहेर उभे असताना यांच्या पाठीवर पचकन काहीतरी पडलं. हिरवट, पातळ. लगेच एक पन्नाशीचा, नीटनेटका गृहस्थ पुढे आला. वर बोट करून म्हणाला, "पाखारो, पाखारो!" म्हणजे पक्षी. हातात टिश्यूचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली. ट्यूब इथेच पेटायला हवी होती. गठ्ठाभर टिश्यू घेऊन स्टेशनवर कोण फिरतं? शिवाय आम्ही छपराखाली उभे होतो! पण अंगावर घाण पडली की आपल्याला दुसरं काही सुचत नाही. त्याने खुणेने जॅकेट काढायला लावलं. यांनी खांद्यावरची बॅग सुटकेसवर ठेवली, मी डाग पुसायला वाकले. शिटेला चक्क मोहरीचा वास. मान वर केली तर गृहस्थ गायब.

"अहो, बॅग?"

बॅग दुसऱ्याच कुणीतरी मागून उचलली असणार. आत दोघांचे पासपोर्ट आणि 260 युरो.

पोलीस चौकीत माझं सांगून व्हायच्या आतच बाईंनी विचारलं, "मांचा?" मांचा म्हणजे डाग. या प्रकाराला तिथे नावच आहे! तक्रारीला 'देनुन्सिया' म्हणतात; तिची प्रत घेतल्याशिवाय चौकीतून हलू नका, वकिलातीत आमच्याकडे पहिल्यांदा तीच मागितली. तातडीची मदत लागली तर 112 फिरवा. चोर सापडेल ही आशा मात्र सोडा. वकिलातीने इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं, पण त्यावर फक्त भारतात परतता येतं. पुढचं लिस्बन बुडालं, हॉटेलचे पैसेही.

तर अंगावर काही पडलं, कुणी पुसायला धावलं, तर थांबू नका. "नो, ग्रासियास" म्हणायचं आणि तसंच डागासकट चालत आत जायचं. जॅकेट स्वच्छतागृहात धुता येतं, आमचं साध्या पाण्याने स्वच्छ झालं. हात मोकळे करायचेच झाले तर बॅग खाली ठेवू नका, सोबतच्या माणसाच्या गळ्यात अडकवा. आणि दोघांचे पासपोर्ट एकाच बॅगेत? अजिबात नको. कपड्याच्या आतल्या पाऊचमध्ये ज्याचा त्याने ठेवावा. आमच्याकडे तसे दोन पाऊच होते, खास पुण्याहून नेलेले. सुटकेसच्या तळाशी, पाकीटही न फोडलेले.