वाइल्डरनेस फर्स्ट एडचा कोर्स: एका सीझननंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी वाइल्डरनेस फर्स्ट एडचा, म्हणजे डोंगर-जंगलात करायच्या प्रथमोपचाराचा, दोन दिवसांचा, १६ तासांचा कोर्स केला. तेव्हा मुद्दाम काही लिहिलं नाही. कोर्स संपतो त्या संध्याकाळी सगळ्यांनाच आपण अर्धे डॉक्टर झाल्यासारखं वाटत असतं. आता हिवाळा-उन्हाळा गटाबरोबर डोंगरात काढून झालाय, त्यामुळे काय कामाला आलं आणि काय नाही, हे सांगता येईल.

शहरातल्या प्रथमोपचारात आपलं काम अॅम्ब्युलन्स येईपर्यंतचं. इथे धरूनच चालतात की हॉस्पिटल तासाभरापेक्षा लांब आहे. सह्याद्रीत एक तास म्हणजे चैनच. १०८ला फोन लागला तरी गाडी रस्ता संपतो तिथे उभी राहणार, तिथपर्यंत माणूस आपणच उतरवायचा. म्हणून या कोर्सचा खरा उपयोग पट्ट्या बांधण्यात नाही, ठरवण्यात आहे: याला चालवायचं, थांबवायचं, की उचलायचं?

हरिश्चंद्रगडावरून टोलार खिंडीकडे उतरताना गटातल्या एका मुलीचा पाय मुरगळला. एरवी लगेच स्प्रे मारून, क्रेप बँडेज गुंडाळून ‘चल हळूहळू’ झालं असतं. या वेळी आधी तिला सावलीत बसवलं. डोकं, मान, पाठ कुठे आपटली का ते विचारलं. मग हाड मोडलंय का ते कळावं म्हणून बूट काढून घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड दाबून पाहिली, बोटांचा रंग आणि संवेदना बघितली, शेवटी चार पावलं टाकायला लावली. तोंड वाकडं करत का होईना, टाकली तिने. मग पट्टी, वरून बूट, सॅक दुसऱ्याच्या पाठीवर, हातात दोन काठ्या, आणि उतरलो. ती चार पावलं पडली नसती तर तिला उचलावं लागलं असतं. स्ट्रेचरला एका वेळी सहा जण तरी लागतात, शिवाय बदली माणसं. तेवढे खांदे गटात आहेत का, हे मी आता ट्रेक ठरवतानाच मोजतो.

दुसरी सवय लागली ती कागदाची. नाडी, श्वास, शुद्ध, आणि प्रत्येकापुढे वेळ. एकदा पाहून काही कळत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं की माणूस सुधारतोय की ढासळतोय ते दिसतं. रेंज नसेल तर खाली धाडलेल्या दोघांच्या हातात हाच कागद द्यायचा. तोंडी निरोप वाटेत बदलतो. पेन्सिल ठेवा, पावसात पेन दगा देतं.

एप्रिलमध्ये माहुली किल्ल्यावर एकाला गरगरायला लागलं, मळमळ, डोकं ठणकतंय. पण बोलणं नीट होतं. म्हणजे सावली, विश्रांती आणि ओआरएस. तोच असंबद्ध बडबडायला लागला असता तर तो उष्माघात. मग अंगावर पाणी ओतून वारा घालायचा, हलवण्याचं नंतर. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घालायचं. अर्ध्या बाटलीत अंदाजाने ओतणारे महाभाग प्रत्येक गटात असतात.

आता तक्रारी. अभ्यासक्रम परदेशी आहे आणि तो जागोजागी तसा दिसतो. विरळ हवेच्या त्रासावर जवळपास अर्धा दिवस गेला. हिमालयात जाणाऱ्यांना ठीक, पण आपलं कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर. सर्पदंशासाठी घट्ट दाबपट्टी शिकवली, ती ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठीची. फुरसं किंवा घोणस चावली तर मुळात चावल्या जागचं मांसच सडू शकतं, तिथे विष दाबून धरायचं कशाला? आपल्याकडचा नियम साधा आहे: अंगठी-घड्याळ काढा, अवयव हलू न देता आधार द्या, कापू-चोखू नका, आवळून बांधू नका, आणि प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. ते कुठल्या रुग्णालयात आहे याची चौकशी निघण्याआधीच करावी. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी असतं; घाटात हमखास दिसणाऱ्या हिरव्या चापड्याच्या विषावर ते चालत नाही, हेही कोर्समध्ये कुणी बोललं नाही.

आग्या मोहोळाला तर पाचच मिनिटं! किल्ल्यांवर धोका त्याचाच जास्त. मधमाश्या उठल्या की तोंड झाकून लांब पळायचं, काटे मग पटापट खरवडून काढायचे. ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला तर ती जीवघेणी अॅलर्जी, आणि अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हाच उपाय. सराव दिला तो पेनसारख्या इंजेक्शनचा, जे आपल्या मेडिकलच्या दुकानात सहज मिळत नाही. ज्यांना अॅलर्जी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. स्ट्रेचरचा सराव हॉलच्या गुळगुळीत फरशीवर झाला. घसाऱ्यावर करून पाहा म्हणावं.

कोर्सबरोबर मिळालेल्या किटमधलं विष ओढायचं यंत्र पहिल्याच आठवड्यात काढून टाकलं. त्याच्या जागी २० मिलीची सुई नसलेली सिरिंज ठेवली. पिण्याच्या पाण्याची जोरदार धार मारून जखम धुवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. त्रिकोणी पट्ट्या सगळ्यात जास्त वापरल्या, महागडं स्प्लिंट, म्हणजे दुखावलेला हात-पाय हलू नये म्हणून बांधायचा आधार, एकदाही नाही. मॅट आणि ट्रेकिंग पोल बांधले की तेच काम होतं.

गट नेणाऱ्याने कोर्स करावाच, फी वसूल होते. प्रमाणपत्र दोन वर्षांचं असलं तरी हात त्याच्या बरेच आधी विसरतात. सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून श्वास देणं, तर नक्कीच: ३० दाब, दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग. आम्ही आता बसमध्ये, जाताना, एकमेकांना स्प्लिंट बांधतो. ड्रायव्हरकाकांनाही त्रिकोणी पट्टी येते.